लिथियम बॅटरीचा परदेशप्रवास

परदेशीं राहणाऱ्या मुलाला किंवा नातवंडाला एखादी वस्तु पाठवावयाची म्हणून ती नीट बांधून कुरिअरच्या कचेरींत नेली, कीं तेथील कारकून प्रथम विचारतो, “आंत बॅटरी आहे काय?” कपडे किंवा पुस्तकें असलीं तर दोन प्रश्नांत सुटका होते. परंतु पार्सलांत मोबाइल, लॅपटॉप, कॅमेरा किंवा साधें बोलकें खेळणें आहे असें कळलें, कीं चौकशीचें स्वरूपच पालटतें. बॅटरी कोणत्या जातीची, ती यंत्राच्या आंत बसविलेली आहे कीं वेगळी बांधलेली, तिची शक्ति किती, असे प्रश्न एकामागून एक येतात. पुष्कळांना हा निष्कारण जाच वाटतो. जो मोबाइल माणूस दिवसभर खिशांत बाळगतो आणि रात्रीं उशापाशीं ठेवून झोंपतो, तोच पार्सलांत घातल्याबरोबर धोक्याचा माल कसा ठरतो, अशी शंका कोणाच्याहि मनांत सहजच येते. तिचें उत्तर कांहीं अंशीं बॅटरीच्या रचनेंत आहे आणि कांहीं अंशीं माणसाच्या स्वभावांत आहे.

लिथियम हा सर्व धातूंत हलका धातु. १८१७ सालीं स्वीडनमधील आर्फवेडसन या रसायनशास्त्रज्ञाला एका खनिजाचें पृथक्करण करतांना त्याचा शोध लागला. हा हलकेपणाच पुढें पावणेदोनशें वर्षांनीं मोठ्या कामास आला. थोड्या वजनांत पुष्कळ विद्युत्शक्ति सांठविणारी आणि पुन्हां पुन्हां चार्ज करतां येणारी लिथियम-आयन बॅटरी १९९१ सालीं जपानमधील सोनी कंपनीनें बाजारांत आणली. ज्यांच्या संशोधनावर ही बॅटरी उभी राहिली त्या गुडइनफ, व्हिटिंगहॅम आणि योशिनो या तिघांना २०१९ सालचें रसायनशास्त्राचें नोबेल पारितोषिक देण्यांत आलें. आज मोबाइलपासून विजेच्या मोटारीपर्यंत सर्वत्र हीच बॅटरी आढळते.

या बॅटरीच्या एकेका घटाची रचना अशी असते. तांब्याच्या अतिशय पातळ पत्र्यावर ग्रॅफाइटचा लेप दिलेला असतो आणि अ‍ॅल्युमिनियमच्या तितक्याच पातळ पत्र्यावर धातूंच्या संयुगाचा. या दोहोंच्या मध्यें केसाहूनहि पातळ असा सच्छिद्र प्लास्टिकचा पडदा असतो आणि हें सर्व एका द्रवांत भिजलेलें असतें. मोटारीच्या जुन्या पद्धतीच्या बॅटरींत आम्लमिश्रित पाणी असतें. लिथियमच्या घटांत मात्र पाणी चालत नाहीं, म्हणून तेथें सहज पेट घेणारें सेंद्रिय द्रावण वापरावें लागतें. म्हणजे शक्तीचा सांठा आणि जळण हीं दोन्ही एकाच डबींत शेजारीं शेजारीं नांदत असतात आणि त्यांच्यामध्यें आड असतो तो केवळ एक पातळ पडदा.

पार्सल उंचावरून पडून घट चेपला, सुट्या बॅटरीचीं दोन टोकें किल्लीसारख्या धातूच्या वस्तूनें जोडलीं गेलीं, किंवा कारखान्यांतच धातूचा एखादा सूक्ष्म कण आंत राहून गेला, तर शॉर्ट सर्किट होऊन घट तापूं लागतो. तापल्यामुळें आंतील रासायनिक क्रियेला वेग येतो आणि त्या क्रियेमुळें ताप आणखी वाढतो. दूध ऊतूं जाऊं लागलें तर खालची आंच बंद करतां येते. येथें आंच खालीं नसून दुधांतच असते. घट फुटतो, त्यांतून ज्वालाग्राही वायु बाहेर पडून भडका उडतो, त्या भडक्यानें शेजारचा घट तापतो आणि मग त्याच्या शेजारचा. एका पेटींत असे शेंकडों घट एकमेकांना लागून रचलेले असले, तर पहिल्या घटाचें दुखणें सर्व पेटीला जडण्यास फार वेळ लागत नाहीं.

घरांत एखादा मोबाइल पेटला तर तो डोळ्यांना दिसतो, त्यावर पाणी ओततां येतें आणि वेळ पडल्यास दार उघडून बाहेर जातां येतें. विमानाच्या पोटांत ठेवलेल्या मालाजवळ मात्र कोणी नसतें. प्रवासी विमानाच्या मालखणांत आग विझविण्यासाठीं हॅलॉन नांवाचा वायु सोडण्याची सोय असते. या वायूनें ज्वाळा दबतात, परंतु घट थंड होत नाहींत, त्यामुळें आंतील क्रिया एका घटाकडून दुसऱ्याकडे सरकतच राहते. मोठ्या मालवाहू विमानांच्या मुख्य मजल्यावर तर असा वायु सोडण्याची सोयहि सहसा नसते. तेथें हवेचा दाब कमी करून आगीला प्राणवायु मिळूं न देणें एवढाच उपाय असतो.

हा उपाय किती तोकडा पडतो तें ३ सप्टेंबर २०१० रोजीं दुबई येथें दिसून आलें. हाँगकाँगहून आलेलें यूपीएस कंपनीचें बोइंग ७४७ जातीचें मालवाहू विमान त्या दिवशीं सायंकाळीं दुबईहून जर्मनींतील कोलोन शहराकडे निघालें. उड्डाण केल्यावर वीस-बावीस मिनिटांनीं मालाच्या मजल्यावर आग लागल्याची सूचना मिळाली, तेव्हां वैमानिकांनीं विमान दुबईकडे परत वळविलें. परंतु चालककक्षांत इतका दाट धूर भरला कीं समोरचीं यंत्रेंहि दिसेनाशीं झालीं. पहिल्या सूचनेपासून सुमारें अर्ध्या तासांत विमान दुबईजवळ कोसळलें आणि त्यांतील दोघेहि वैमानिक मृत्युमुखीं पडले. विमानांत लिथियम बॅटऱ्यांचा मोठा सांठा होता, आणि आगीचा उगम तेथेंच झाला असावा असा निष्कर्ष संयुक्त अरब अमिरातींच्या चौकशी अधिकाऱ्यांनीं २०१३ सालीं प्रसिद्ध केला. त्या चौकशींत आणखीहि एक गोष्ट उघडकीस आली. धोक्याचा माल म्हणून ज्यांची नोंद व्हावयास हवी होती, अशा बॅटऱ्यांचीं कांहीं पार्सलें तशी नोंद न करतांच विमानांत चढविलेलीं होतीं. पुढच्याच वर्षीं, २८ जुलै २०११ रोजीं, दक्षिण कोरियांतून शांघायला निघालेलें एशियाना कंपनीचें मालवाहू विमान आग लागून जेजू बेटानजीक समुद्रांत पडलें, त्यांतहि दोघे वैमानिक दगावले. त्या विमानांत इतर ज्वालाग्राही मालाबरोबर लिथियम बॅटऱ्याहि होत्या.

आज जे नियम जाचक वाटतात ते अशा अनुभवांतून कडक होत गेलेले आहेत. धोक्याच्या प्रत्येक मालाला संयुक्त राष्ट्रांच्या पद्धतीप्रमाणें एक क्रमांक असतो. यंत्राविना पाठविलेल्या लिथियम-आयन बॅटरीचा क्रमांक ३४८०. तीच बॅटरी यंत्रांत बसविलेली किंवा यंत्रासोबत बांधलेली असली तर तिचा क्रमांक ३४८१ होतो. कांहीं कॅमेरे व घड्याळें यांत असणाऱ्या, पुन्हां चार्ज न होणाऱ्या लिथियम-धातूच्या बॅटरीसाठीं ३०९० आणि ३०९१ असे दोन क्रमांक आहेत. मूळ नियम माँट्रिऑल येथील आंतरराष्ट्रीय नागरी विमान वाहतूक संघटना ठरविते, आणि भारतांत त्यांच्या अंमलबजावणीवर नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाची देखरेख असते. यंत्राविना पाठविलेल्या लिथियम-धातूच्या बॅटऱ्या प्रवासी विमानांतून माल म्हणून नेण्यास १ जानेवारी २०१५ पासून, आणि लिथियम-आयन बॅटऱ्या नेण्यास १ एप्रिल २०१६ पासून बंदी आहे. मालवाहू विमानांतूनहि सुट्या लिथियम-आयन बॅटऱ्या पाठवितांना त्यांत शेंकडा ३० पेक्षां अधिक चार्ज असतां कामा नये. सांठा जितका थोडा, तितका एका घटाचा भडका शेजाऱ्यापर्यंत पोहोंचण्याचा संभव कमी, हें त्यामागील कारण. १ जानेवारी २०२६ पासून अगदीं लहान बॅटऱ्या वगळतां, यंत्रासोबत पण यंत्राबाहेर बांधलेल्या बॅटऱ्यांनाहि ही मर्यादा लागू झाली आहे.

यापूर्वींच, म्हणजे कारखान्यांतून बाहेर पडण्याआधीं, प्रत्येक जातीच्या बॅटरीला आठ प्रकारच्या कसोट्यांची एक मालिका ठरवून दिलेली आहे. उंचावरील विरळ हवा, थंडी व उष्णता यांची अदलाबदल, कंप, आघात, बाहेरून केलेलें शॉर्ट सर्किट, चेपणें, प्रमाणाबाहेर चार्ज करणें आणि बळानें पूर्ण रिकामी करणें अशा त्या कसोट्या होत. नांव नसलेल्या स्वस्त बॅटऱ्या विमानांतून पाठविण्यास कंपन्या कां नाकारतात, तें यावरून कळून येईल. तिची परीक्षा झाली होती असें सांगणारा कागदच तिच्यामागें नसतो.

बॅटरीची शक्ति वॉट-तासांत मोजतात आणि तें गणित सोपें आहे. बॅटरीवर लिहिलेल्या व्होल्टच्या आंकड्याला अँपिअर-तासांनीं गुणलें म्हणजे झालें. ३.७ व्होल्टची व २०,००० मिलीअँपिअर-तासांची, म्हणजे २० अँपिअर-तासांची पॉवर बँक ७४ वॉट-तासांची ठरते. मोबाइलची बॅटरी बहुधा २० वॉट-तासांच्या आंतबाहेर असते. १०० वॉट-तास ही महत्त्वाची मर्यादा आहे, आणि त्याहून मोठ्या बॅटरीला धोक्याच्या मालाचे सर्व नियम लागतात. येथें एक गैरसमज दूर केला पाहिजे. पॉवर बँक हें यंत्र नसून ती सुटी बॅटरीच मानली जाते. त्यामुळें ती परदेशीं पार्सलानें धाडणें सामान्य माणसाला जवळजवळ अशक्यच असतें. प्रवाशानें ती स्वतःजवळ, हातांतल्या सामानांत नेली पाहिजे, वजनांत दिलेल्या पेटींत ठेवतां कामा नये. कारण तेथें भडका उडाला तर तो दिसतो आणि विमानांतील सेवकांना त्यावर पाणी ओततां येतें. २८ जानेवारी २०२५ रोजीं दक्षिण कोरियांतील बुसानजवळच्या विमानतळावर उड्डाणापूर्वीं उभ्या असलेल्या एका विमानांत डोक्यावरच्या सामानाच्या फळीवर आग लागली. प्राणहानि झाली नाहीं, पण विमान जळालें, आणि पॉवर बँकेवर संशय घेण्यांत आला. तेव्हां ती नुसती जवळ असून भागत नाहीं, ती दृष्टीसमोर असावी.

समुद्रमार्गाचीहि गोष्ट निराळी नाहीं. ४ जानेवारी २०२२ रोजीं चीनमधील नान्शा बंदरांतून न्हावा-शेवा बंदराकडे येणाऱ्या कॉस्को पॅसिफिक या जहाजावर, अरबी समुद्रांत असतांना, एका कंटेनरनें पेट घेतला. आंत लिथियम बॅटऱ्या होत्या, आणि त्यांची खरी नोंद पाठविणाऱ्यानें केलेली नव्हती. त्यापूर्वीं कांहीं महिने, ऑगस्ट २०२१ मध्यें, अमेरिकेंतील व्हर्जिनिया राज्यांत बंदराकडे निघालेला एक कंटेनर रस्त्यांतच पेटला. त्यांत टाकून दिलेल्या लिथियम बॅटऱ्या भरलेल्या होत्या आणि कागदोपत्रीं मात्र ‘संगणकाचे भाग’ असें लिहिलेलें होतें. तो कंटेनर आणखी कांहीं तास शांत राहिला असता, तर जहाजावर चढून भर समुद्रांत जाऊन पेटला असता.

या साऱ्या व्यवस्थेचें मर्म येथें सांपडतें. जगांत रोज जीं असंख्य पार्सलें ये-जा करतात त्यांतील प्रत्येक उघडून पाहणें कोणालाहि शक्य नाहीं. नियम, क्रमांक, लाल तिरप्या रेघांच्या कांठाचें चिन्ह, सात उभ्या काळ्या पट्ट्यांचें धोक्याचें लेबल हीं सर्व पाठविणाऱ्याच्या एका शब्दावर उभीं आहेत. पेटी कोठें रचावी, कोणत्या मालापासून दूर ठेवावी, चेपली गेली तर काय करावें, हें कामगार त्या लेबलावरूनच ठरवितो. अधिक आकार वांचविण्यासाठीं किंवा केवळ कटकट नको म्हणून ‘भेटवस्तु’, ‘खेळणें’, ‘सुटे भाग’ असें मोघम लिहिणें पुष्कळांना क्षुल्लक वाटतें. झांकली मूठ सव्वा लाखाची, ही म्हण इतर व्यवहारांत खरी असेल, पण ही मूठ भलत्याच जागीं उघडली तर तिची किंमत दुसऱ्यालाच मोजावी लागते.

घरांतून एखादें यंत्र परदेशीं पाठवावयाचें असेल तर पाळावयाच्या गोष्टी थोड्याच आहेत. बॅटरी शक्यतों यंत्रांतच राहूं द्यावी, वेगळी काढूं नये. यंत्र पूर्ण बंद करावें, आणि तें वाटेंत चुकून सुरू होणार नाहीं अशी काळजी घ्यावी. चार्ज थोडाच ठेवावा. मूळ खोकें असेल तर तें वापरावें, नसेल तर यंत्र हलणार नाहीं असें मऊ वेष्टन घालून कणखर पेटींत बांधावें. फुगलेली, गळणारी, पडून चेपलेली किंवा कंपनीनें सदोष म्हणून परत मागविलेली बॅटरी विमानानें मुळींच पाठवूं नये, अशा बॅटरीला विमानमार्ग बंदच आहे. यंत्रांत बसविलेल्या एकदोन लहान बॅटऱ्यांना नियमांत पुष्कळ सवलत आहे. तथापि प्रत्येक कंपनीचे, टपालखात्याचे आणि ज्या देशांत पार्सल जावयाचें त्याचे नियम याहून कडक असूं शकतात, म्हणून आधीं विचारून घ्यावें. आणि अर्जावर वस्तूचें नांव लिहितांना ‘लिथियम-आयन बॅटरी बसविलेला मोबाइल’ असें स्पष्ट लिहावें.

त्यामुळें कदाचित् अधिक आकार पडेल, पार्सल दोन दिवस उशिरा पोहोंचेल, क्वचित् तें परतहि येईल. पण रात्रीच्या वेळीं तें पार्सल घेऊन समुद्रावरून जाणाऱ्या वैमानिकाला पेटी उघडून पाहतां येत नाहीं, आणि ती बांधणारें घर कोणतें हेंहि त्याला ठाऊक नसतें. पाठविणाऱ्यानें कागदावर लिहिलेल्या त्या एका ओळीवर विश्वास ठेवूनच तो उड्डाण करीत असतो.