अर्धा वाटा नेगनचा

शंभराव्या अंकात नेगन नावाचा इसम काटेरी तार गुंडाळलेल्या बेसबॉलच्या बॅटने ग्लेनचं डोकं फोडतो. 'द वॉकिंग डेड' या अमेरिकी कॉमिक्सचा जुलै २०१२ चा हा अंक तिथे त्या वर्षी सगळ्यात जास्त खपला. मालिकेचं नाव निघालं की चाहते आजही याच पानांवर येऊन थांबतात. मला मात्र त्यापुढे तीनच अंकांनी येणारा प्रसंग जास्त भयंकर वाटतो. त्यात रक्त नाही. नेगन अलेक्झांड्रिया नावाच्या वस्तीत वसुलीला येतो. घराघरांतलं सामान बाहेर निघतं, गाड्यांत चढतं. आणि तो आपली बॅट रिक ग्राइम्सच्या हातात देतो, जरा धर म्हणून. रिक हा वस्तीचा म्होरक्या, ग्लेन त्याचा जिवाभावाचा सोबती. खुनी समोर, हत्यार स्वतःच्या हातात, आणि रिक ते नीट सांभाळत उभा राहतो.

रॉबर्ट कर्कमनने लिहिलेली ही मालिका ऑक्टोबर २००३ मध्ये सुरू झाली आणि जुलै २०१९ मध्ये १९३व्या अंकावर कसलीही दवंडी न पिटता संपली. पहिले सहा अंक टोनी मूरने काढले, बाकी सगळे चार्ली अॅडलार्डने, आणि सगळे कृष्णधवल. रिक हा केंटकीतला पोलीस. इस्पितळात बेशुद्धीतून जागा होतो, तोवर जग बुडालेलं असतं. मेलेली माणसं चालतात, चावतात. ती का उठली हे कर्कमन सांगत बसत नाही. नियम मात्र एक पक्का आहे: कशानेही मरा, उठणारच. झोंबी चावला नसला तरीही.

पण झोंबी मंद असतात, त्यांना अक्कल नसते. कुंपण, सुरा आणि थोडी शिस्त असली की माणसं त्यांना सरावतात. मुंबईकर पावसाळ्याला सरावतात, तितपत. खरी पंचाईत तिथून पुढे सुरू होते. शेतीला, औषधाला, झोपेला भिंत लागते, आणि भिंत आली की फाटकावर कोणीतरी बसतो.

असा पहिला माणूस म्हणजे 'गव्हर्नर'. वूडबरी गावाला त्याने तटबंदी केली आणि रहिवाशांच्या करमणुकीसाठी आखाडा काढला. तिथे साखळीने बांधलेल्या झोंबींच्या गराड्यात माणसं लढतात, लोक टाळ्या पिटतात. या गव्हर्नरने रिकचा उजवा हात तोडला. तो विकृत आहे, आणि लेखक म्हणून कर्कमनला तो सोपा गेला असणार. विकृत माणसाला वाचकाने काही विचारायचं नसतं.

नेगनचं तसं नाही, त्याचा कारभार चोख आहे. 'सँक्च्युअरी' या जुन्या कारखान्यात त्याचं ठाणं, कुंपणाला जखडलेले झोंबी हाच पहारा. आत लोक कामाचे गुण कमावतात आणि त्या गुणांवर वस्तू घेतात. तो समोरून गेला की सगळे गुडघ्यावर. नियम मोडला तर तापवलेली इस्त्री गालावर. बाहेरच्या तीन वस्त्या, म्हणजे हिलटॉप, किंगडम आणि अलेक्झांड्रिया, आपल्या चीजवस्तूंपैकी अर्धा वाटा त्याला देतात. बदल्यात त्याची टोळी आसपासचे झोंबी मारणार, आणि तुम्हाला मारणार नाही. टोळीचं नाव 'सेव्हिअर्स', म्हणजे तारणहार! हिलटॉपने हा सौदा रिक भेटण्याआधीच पत्करलेला आहे. तिथली माणसं भित्री म्हणून दाखवलेली नाहीत. त्यांनी हिशेब केलेला आहे.

हा हिशेब मँकर ओल्सन या अमेरिकी अर्थशास्त्रज्ञाने १९९३ च्या एका निबंधात मांडला होता. दरोडेखोर दोन प्रकारचे, तो म्हणतो. भटका दरोडेखोर हाताला लागेल ते सगळं नेतो, कारण उद्या तो इथे नसतो. ठाण मांडून बसलेला काही मागे ठेवतो, कारण पुढच्या वर्षी त्याला पुन्हा न्यायचं असतं. म्हणून तो दुसऱ्या लुटारूंना हाकलतो आणि पेरणी होऊ देतो. ओल्सनला हे सुचलं १९२० च्या दशकातल्या चीनमधल्या फंग यूशियांग या लष्करी सरदाराबद्दल वाचताना. तो जबर कर घेई, तरी भटक्या टोळ्यांपेक्षा लोकांना तोच बरा वाटे. गव्हर्नर भटक्या जातीचा आणि नेगन ठाण मांडणारा, असं म्हटलं की ही मालिका एकदम मोकळी होते.

मराठी वाचकाला यात नवं काय? तो तर चौथाईच्या गोष्टींवर वाढलेला. फक्त आपण त्या गोष्टी नेहमी वसूल करणाऱ्याच्या बाजूने ऐकल्या. १७१९ मध्ये बाळाजी विश्वनाथाने दिल्लीहून दख्खनच्या सहा सुभ्यांच्या चौथाई-सरदेशमुखीच्या सनदा आणल्या, हे आपण शाळेत पाठ केलं. चौथाई म्हणजे महसुलाचा पाव हिस्सा, सरदेशमुखी दहा टक्के. मिळून पस्तीस. नेगनच्या पन्नासपेक्षा पंधराने कमी. चौथाईच्या बदल्यात पंधरा हजार फौज बादशाही चाकरीत ठेवायची होती, आणि सरदेशमुखीच्या बदल्यात बंदोबस्त राखायचा होता. कागदावर हा रीतसर करार होता.

बंगालात कागद नव्हता. १७४२ पासून नागपूरच्या रघूजी भोसल्यांच्या फौजा तिथे जवळपास दरसाल उतरत राहिल्या. दिवाण भास्करराम कोल्हटकरांच्या घोडदळाने गावं जाळली. गंगाराम नावाच्या बंगाली कवीच्या 'महाराष्ट्र पुराण' या काव्यात पळणाऱ्या माणसांची रांग आहे: पोथ्या उचललेले पंडित, तराजू उचललेले सोनार. झोंबीपटात रस्ता भरून जाणारे निर्वासित दाखवतात, तेच हे, फक्त अडीचशे वर्षं आधी. इंग्रजांच्या कोलकात्याने तर धास्तीने शहराभोवती खंदक खणायला घेतला, 'मराठा डिच'. सात मैलांचा बेत होता. तीनेक मैल झाला आणि काम थांबलं, कारण मराठे तिथवर आलेच नाहीत. पुढे तो बुजवून त्यावरून सर्क्युलर रोड काढला. नवाब अलिवर्दीखानाने १७४४ मध्ये भास्कररामांना बोलणीसाठी तंबूत बोलावून ठार केलं, तरी स्वाऱ्या थांबल्या नाहीत. त्या थांबल्या १७५१ मध्ये, बंगालची चौथाई म्हणून दरसाल बारा लाख रुपये आणि ओडिशाचा महसूल कबूल केल्यावर. भटक्याचा ठाणेदार झाला. बंगाली आया आजही बाळाला निजवताना 'बर्गी' आल्याचं गातात. ते बर्गी म्हणजे आपण. नेगनचं कॉमिक वाचताना आपण आपोआप रिकच्या बाजूने उभे राहतो, म्हणून हे सांगितलं.

मुंबईतलं आजचं जोगेश्वरी ज्या साष्टी बेटावर आहे, त्यानेही असेच धनी बदलले. चिमाजी अप्पांच्या वसई मोहिमेत १७३९ पर्यंत पोर्तुगीज गेले, मराठे आले. १७७४ च्या डिसेंबरात इंग्रजांनी ठाणं घेतलं. भात पिकवणारा मात्र तोच राहिला.

आताच्या जोगेश्वरीत वाटा धान्याचा नसतो, पाण्याचा असतो. मानववंशशास्त्रज्ञ निखिल आनंद यांचं 'हायड्रॉलिक सिटी' हे २०१७ चं पुस्तक इथल्याच वस्त्यांमधल्या अभ्यासावर उभं आहे. नळाला पाणी येतं ते ठराविक तासांपुरतं. झडप उघडतो पालिकेचा चावीवाला. त्याच्यामागे अभियंता, नगरसेवक, प्लंबर आणि गल्लीतला 'आपला माणूस' अशी लांब साखळी. त्या तासात कोणाची बादली भरते, हे नळाच्या उंचीवर ठरतं आणि ओळखीवरही. टेकडीवर चढलेल्या वस्तीला दोन्ही गोष्टी नडतात. त्यात कटऑफ तारीख: आधी १ जानेवारी १९९५, मग २०००. त्यानंतर आलेल्यांना कायद्याने जोडणीच नव्हती. पाणी हक्क समितीच्या याचिकेवर डिसेंबर २०१४ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने अशा झोपड्यांनाही पाणी द्या असं सांगितलं. पालिकेचं 'सर्वांसाठी पाणी' धोरण २०२२ मध्ये आलं. पालिका म्हणजे नेगन नव्हे. पण अधिकृत नळ जिथे पोचत नाही तिथे कोणीतरी पाइप टाकतोच, आणि तो फुकट टाकत नाही. महिन्याचे पैसे घेतो, अडीअडचणीला धावतो, निवडणुकीत सांगतो कोणाला मत द्यायचं ते. त्याला शिव्याही पडतात आणि पूजेचं आमंत्रणही जातं.

त्यामुळे मराठीतला झोंबी पाण्यापाशी यावा यात नवल नाही. आदित्य सरपोतदार यांचा 'झोंबिवली' २६ जानेवारी २०२२ ला आला. जागा डोंबिवली; टॉवर आणि शेजारची झोपडपट्टी यांच्यातला पाण्याचा तंटा कथेच्या मुळाशी. जॉर्ज रोमेरोने २००५ च्या 'लँड ऑफ द डेड'मध्ये हीच मांडणी केली होती, वर काचेचा मनोरा, खाली गरिबांची दाटी. मराठी सिनेमा विनोदाकडे जास्त झुकतो आणि त्याचा धाक कमी होतो, अशी माझी तक्रार आहे. पण कुंपणाच्या कोणत्या बाजूला कॅमेरा ठेवायचा हे त्याला नेमकं कळलं होतं.

नेगनचं पुढे काय होतं? ११५ ते १२६ या अंकांत तिन्ही वस्त्या एक होऊन लढतात. रिक त्याचा गळा चिरतो, पण मरू देत नाही, कोठडीत टाकतो. नंतरच्या अंकांत गिरणी चालते, बाजार भरतो. मग पन्नास हजार वस्तीचं 'कॉमनवेल्थ' येतं. तिथे कोणी बॅट फिरवत नाही, पण जग बुडण्याआधी तुम्ही कोण होतात यावर आता कुठे राहायचं ते ठरतं. रिकला अखेर गोळी घालतो तो तिथल्या राज्यकर्तीचा बिघडलेला मुलगा.

वाचायचंच असेल तर चार जाडजूड एकत्रित खंड आहेत. लहान मुलांच्या हाती देऊ नका. नेगन तिसऱ्यात आहे, पण पहिला वगळू नका. तो अठ्ठेचाळिसाव्या अंकावर संपतो, आणि तिथे गव्हर्नरला रिक मारत नाही. त्याच्याच फौजेतली लिली हुकूम पाळून एका बाईवर गोळी झाडते, जवळ जाऊन पाहते तर तिच्या हातात तान्हं मूल. मग ती बंदूक फिरवते.