डायनोसॉर चरतात ते पठार

शेरलॉक होम्स हा गुप्तहेर ज्यांनी निर्माण केला, त्या सर आर्थर कॉनन डॉयल यांनी १९१२ साली एक वेगळ्याच धाटणीची कादंबरी लिहिली. तिचे नाव ‘द लॉस्ट वर्ल्ड’, म्हणजे हरवलेले जग. डायनोसॉर म्हटले की मुलांना ‘जुरासिक पार्क’ हा १९९३ सालचा चित्रपट आठवतो, पण त्या घराण्यातली आजी ही कादंबरी. ‘जुरासिक पार्क’चे लेखक मायकेल क्रायटन यांनी १९९५ साली आपल्या पुढच्या पुस्तकाला हेच नाव दिले.

दक्षिण अमेरिकेतील घनदाट अरण्यात एक पठार आहे. चहूबाजूंनी ताशीव कडे, वर जायला वाट नाही. बाहेरच्या जगातून केव्हाच नाहीसे झालेले प्राणी तिथे अजून जिवंत आहेत, असे प्रोफेसर चॅलेंजर हा तापट शास्त्रज्ञ लंडनमध्ये सांगतो आणि सारे त्याला हसतात. मग सत्य पाहायला चौघे निघतात: स्वतः चॅलेंजर, त्याच्याशी सतत तंडणारा प्रोफेसर समरली, शिकारी लॉर्ड जॉन रॉक्सटन आणि मलोन हा तरुण बातमीदार. गोष्ट मलोनच सांगतो.

कादंबरीतला सर्वांत सरस भाग म्हणजे तिथली जनावरे. इग्वानोडॉन हे झाडपाला खाणारे डायनोसॉर प्रथम दिसतात तेव्हा ते कुणावर धावून येत नाहीत. दोन मोठी, तीन पिल्ले. पिल्ले बागडताहेत, मोठे जनावर पाल्यासाठी झाड ओढते, ते झाड त्याच्याच अंगावर येते आणि बिचारे आपले निघून जाते. ज्याने गुरे राखली आहेत त्याला हे वर्णन वाचताना हसू येईल. त्यांच्या खांद्यावर डांबराचा ठिपका असतो. दोघा विद्वानांना त्याचा उलगडा होत नाही. पुष्कळ पाने उलटल्यावर कळते की तो मालकाचा डाग आहे! पठारावर राहणारे लोक हे कळप मांसासाठी पाळतात आणि ज्याचे जनावर त्याची खूण. आपल्याकडच्या वाचकाला ही गोष्ट त्या प्रोफेसरांच्या आधीच सुचावी.

भीतीही आहे. मलोन रात्री एकटाच तळ्याकाठी जातो आणि परतताना एक मांसभक्षक प्राणी वास काढत त्याच्या मागे लागतो. पाच-सहा पानांचाच प्रसंग, पण अंगावर काटा येतो.

चॅलेंजर एक शहाणा प्रश्नही विचारतो. पठार एखाद्या जिल्ह्याएवढे. एवढ्या जागेत मांसाहारी प्राणी मोकाट वाढले असते तर सारे भक्ष्य कधीच संपले असते. मग त्यांना आवर कशाचा? चराईचा हिशेब ठाऊक असलेल्या माणसाचाच हा प्रश्न. उत्तर मात्र डॉयल देत नाहीत, विनोद करून पुढे जातात.

शास्त्राच्या दृष्टीने पुस्तक जुने झाले आहे. डॉयलचे इग्वानोडॉन कांगारूसारखे ताठ बसतात. खरे इग्वानोडॉन शेपूट आडवे धरीत आणि पुष्कळदा चार पायांवर चालत, असे आता मानतात. हा दोष त्या काळाचा, लेखकाचा नव्हे. आपल्याच चंद्रपूर जिल्ह्यातील पिसदुरा गावाजवळ डायनोसॉरांचे दगड झालेले शेण सापडते. त्यात गवताचे अंश आहेत, काही तर भाताच्या कुळाजवळच्या गवतांचे, असे २००५ साली प्रसिद्ध झाले. तोवर डायनोसॉरांच्या काळी गवत होते याचा पक्का पुरावाच हाती नव्हता. ते डॉयलना कुठून ठाऊक असणार?

खरा दोष दुसराच आहे. जनावरांकडे पाहणारी ती प्रेमळ नजर माणसांकडे वळली की आखडते. झांबो हा काळा नोकर कड्याखाली एकटा राहून या चौघांची वाट पाहतो. दगाबाजीने त्यांची परतीची वाट तुटते, तेव्हा तोच त्यांना खालून सामान पोचवतो आणि मलोनची पत्रे पुढे धाडतो. म्हणजे ही गोष्ट जगाला कळली ती झांबोमुळे. पण पुस्तकात त्याला घोड्याच्या पंक्तीला बसवले आहे, कष्टातही आणि अकलेतही. मिश्र रक्ताचे दोन नोकर तर मुळातच दगाबाज दाखवले आहेत. आणि हेच डॉयल काँगोत रबरासाठी तिथल्या लोकांवर झालेल्या जुलमाविरुद्ध १९०९ साली पुस्तक लिहून गेले होते! नजरेतले हे दोन कप्पे वाचताना फार खुपतात.

उत्तरार्धात डायनोसॉर जवळजवळ बाजूला पडतात आणि वानरमानवांशी युद्ध सुरू होते. बंदुकांच्या जोरावर त्यांचे सारे नर मारले जातात, माद्या व पिल्ले गुलाम होतात. चॅलेंजरला तो मानवजातीचा विजय वाटतो. मलोनचे मन क्षणभर कचरते, पण एका वाक्यापुरतेच. इथे कादंबरी थांबायला हवी होती, ती थांबत नाही.

बायकांचे तर नावच नको. ग्लॅडिस नावाची एक मुलगी मलोनला पराक्रम करून ये म्हणते आणि तो पठारावर असताना दुसऱ्याशीच लग्न लावून मोकळी होते. नवरा कोण, तर वकिलाच्या कचेरीतला कारकून. हा शेवट मात्र डॉयलनी झकास साधला आहे.

इंग्रजी जुन्या वळणाचे, वाक्ये लांब, आणि पठार दिसेपर्यंतची पाने संथ आहेत. घरातल्या कॉलेजात जाणाऱ्या मुलाने आधी वाचावी आणि रात्री जेवणानंतर धाकट्यांना मराठीत सांगावी. झांबोचे प्रकरण आले की त्याची पत्रांची गोष्ट मात्र गाळू नये.