वरच्या कोर्टाची पायरी

शहाण्याने कोर्टाची पायरी चढू नये, असे आपण म्हणतो. पण कधीकधी ती चढावीच लागते. निकाल विरुद्ध गेला की माणूस कपाळाला हात लावतो. "संपलं सगळं," म्हणतो. पण सगळे संपलेले नसते. निकाल चुकला असे वाटले तर वरच्या कोर्टात दाद मागता येते. याला अपील म्हणतात.

आपल्याकडे तालुक्याची व जिल्ह्याची कोर्टे आहेत. काही शहरांत नवरा-बायकोच्या तंट्यांसाठी कौटुंबिक न्यायालय आहे. या सर्वांच्या वर मुंबईचे उच्च न्यायालय. ते १८६२ साली सुरू झाले. ऑगस्ट २०२५ पासून त्याचे काम कोल्हापुरातही चालते. त्याच्याही वर दिल्लीचे सर्वोच्च न्यायालय.

नागपूरकडची दोन प्रकरणे पाहू.

एका माणसाने लहान मुलीच्या अंगाला वाईट हेतूने हात लावला. नागपूरच्या सत्र न्यायालयाने २०२० साली त्याला पोक्सो कायद्याखाली तीन वर्षांची कैद दिली. हा कायदा मुलांच्या रक्षणासाठी आहे. त्या माणसाने अपील केले. जानेवारी २०२१ मध्ये उच्च न्यायालय म्हणाले, "मध्ये कपडा होता. अंगाला अंग लागले नाही. म्हणून पोक्सोचा गुन्हा होत नाही." शिक्षा एका वर्षावर आली. मग राज्य सरकार व राष्ट्रीय महिला आयोग सर्वोच्च न्यायालयात गेले. नोव्हेंबर २०२१ मध्ये ते न्यायालय म्हणाले, "कपडा होता की नव्हता, हा प्रश्न नाही. हेतू काय होता, तो पाहा." तीन वर्षांची शिक्षा पुन्हा कायम झाली.

दुसरे प्रकरण पोटगीचे. नागपूरच्या कौटुंबिक न्यायालयाने २०१५ साली एका बाईला व तिच्या मुलाला पोटगी मंजूर केली. नवरा वर गेला. २०१८ साली उच्च न्यायालयात हरला. तो आणखी वर गेला. नोव्हेंबर २०२० मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही बाईच्या बाजूने निकाल दिला. शिवाय साऱ्या देशासाठी नियम घातला. पोटगी अर्जाच्या तारखेपासून मोजावी. पूर्वी काही कोर्टे ती निकालाच्या तारखेपासून मोजत. मग नवरा तारखांवर तारखा घेई, आणि तेवढे महिने बाईचे बुडत. आता उशीर करून तसा फायदा होत नाही.

अपिलात बहुधा साक्षीदार पुन्हा बोलावत नाहीत. वरचे न्यायाधीश खालचे कागद व जबान्या वाचतात. म्हणून जे सांगायचे ते पहिल्याच कोर्टात सांगावे. पुरावा तिथेच द्यावा. आणखी एक. नुसते अपील केल्याने पोटगी थांबत नाही. वरच्या कोर्टाने स्थगिती दिली तरच थांबते.

अपिलाला मुदत असते. कैदेच्या शिक्षेवर सत्र न्यायालयात जायचे तर ३० दिवस, उच्च न्यायालयात ६० दिवस. फाशीच्या शिक्षेला मात्र ३० दिवसच. नक्कल मिळायला लागलेले दिवस यात धरत नाहीत. कैदेची शिक्षा झालेल्याला निकालाची नक्कल फुकट मिळते. तो तुरुंगात असेल तर तुरुंगाच्या अधिकाऱ्याकडे अपिलाचा अर्ज देऊ शकतो. कौटुंबिक निकालांच्या मुदती वेगळ्या आहेत. त्या वकिलाला लगेच विचाराव्या. मुदत टळली तर उशिराचे सबळ कारण द्यावे लागते.

"वकिलाला पैसे कुठले?" असे कोणी म्हणेल. स्त्रिया, मुले, अपंग, अनुसूचित जाती-जमातींचे लोक आणि कैदी यांना सरकारकडून वकील फुकट मिळतो. त्यांचे उत्पन्न पाहत नाहीत. इतर गरिबांनाही मिळतो. तालुक्याच्या कोर्टात विधी सेवा समिती असते. तिथे जावे, किंवा १५१०० या क्रमांकावर फोन करावा.

निकाल लागला की त्याची तारीख कागदावर लिहून ठेवा. नकलेचा अर्ज त्याच दिवशी करा. दिवस मोजले जातात ते तिथूनच.