रिपोर्ट नॉर्मल, तरी पोट दुखतं : आयबीएसमध्ये काय खावं?

रक्त तपासलं, सोनोग्राफी केली, सगळं नॉर्मल. तरी जेवल्यावर पोट फुगतं, मुरडा येतो; कधी जुलाब, कधी दोन-दोन दिवस पोट साफ होत नाही. घरचे म्हणतात, "काही नाही, वहम आहे." वजू टिकत नाही म्हणून जमातीला जायला संकोचणारे, दावत आली की बहाणा शोधणारे लोक आपल्यातच असतात. लाजेपोटी बोलत नाहीत, एवढंच.

हा वहम नाही. याला आयबीएस, म्हणजे इरिटेबल बाऊल सिंड्रोम म्हणतात. यात आतड्याला जखम नसते, पण त्याची हालचाल बिघडते आणि तिथल्या नसा नाजूक होतात. दुसऱ्याला जाणवणारही नाही एवढा गॅस या माणसाला दुखतो.

यात जेवणाचा संबंध काय? काही पदार्थांतल्या साखरा लहान आतड्यात नीट शोषल्या जात नाहीत. त्या पुढे जाऊन आंबतात, गॅस होतो. मेलबर्नच्या मोनाश विद्यापीठातल्या संशोधकांनी त्यांना 'फॉडमॅप' असं नाव दिलं. कांदा, लसूण, गहू, चणे, राजमा, दूध, सफरचंद, खजूर यांत त्या जास्त असतात.

म्हणून हे सगळं कायमचं सोडायचं का? नाही. इथेच आपण चुकतो. एकेक पदार्थ बंद करत जातो आणि अशक्त होतो. खरी पद्धत तीन टप्प्यांची आहे. आधी 2 ते 6 आठवडे हे पदार्थ कमी करायचे. आराम पडला, तर एकेक पदार्थ थोडा-थोडा परत खाऊन बघायचा. जो त्रास देतो तेवढाच कमी ठेवायचा, बाकीचे परत सुरू करायचे. हे आहारतज्ज्ञांना विचारून केलेलं बरं.

तोवर सालन बेचव का करायचं? लसणातली ही साखर पाण्यात उतरते, तेलात नाही. म्हणून अख्ख्या पाकळ्या तेलात परतून काढून टाकायच्या, मगच टोमॅटो आणि पाणी घालायचं. चव राहते. कांद्याऐवजी पातीचा फक्त हिरवा भाग घ्यायचा. चपातीऐवजी भात किंवा ज्वारीची भाकरी. अंडी, मासे, गोश्त यांत या साखरा नसतात. मात्र तर्रीदार, तेलकट सालनाने त्रास वाढू शकतो. रमजानमध्ये इफ्तारला भजी, चणे आणि सरबत एकदम पोटात जातं. तिथे थोडं खाऊन, थांबून मग जेवावं.

पण शौचातून रक्त, वजन घटणं, ताप, रक्त कमी होणं, रात्री झोपेतून उठवणारे जुलाब, किंवा पन्नाशीनंतर पहिल्यांदाच सुरू झालेला त्रास असेल, तर घरगुती उपाय करत बसू नका. लगेच डॉक्टरकडे जा. गहू बंद करण्याआधी सिलिअॅक आजाराची तपासणीही करून घ्या, कारण गहू सोडल्यावर ती चुकीची नॉर्मल येऊ शकते.

आणि घरात कुणी "आज पोट बरं नाही" म्हणालं, तर हसू नका. त्याच्या वाटणीचं सालन कांदा-लसणाआधी वेगळं काढून ठेवा. एवढं तर आपण करू शकतो.