भिंतीवरचा बोर्ड पडला, कारण गिट्टी विटेत नव्हती

मोबाइलच्या कव्हरांच्या दुकानात भिंतीला आडव्या खाचांचे बोर्ड असतात आणि त्यांत आकडे अडकवून माल टांगलेला असतो, हे आपल्या व्यापारी बंधूंनी पाहिलेच आहे. बाजारात त्यांना स्लॅटवॉल म्हणतात. आता हेच बोर्ड घरच्या गॅरेजमध्येही लागू लागले आहेत. जमीन मोकळी होते, अवजार डोळ्यांसमोर राहते. सुतार-फिटर मंडळींना यात चांगले काम आहे. मात्र ते कसे करू नये, हे आम्ही गेल्या पावसाळ्यात पाहिले.

आमच्या परिचयाचे एक वस्ताद घराखालच्या गाळ्यात स्कूटर-मोटारसायकल दुरुस्त करतात. त्यांनी आठ बाय चारचा बोर्ड लावून घेतला होता. एका रात्री तो पान्हे, हातोड्या, ड्रिल यांसकट खाली आला. दिवसा त्याच भिंतीखाली त्यांचा शागीर्द पोरगा पंक्चर काढत बसतो. रात्र होती म्हणून निभावले.

आम्ही सकाळी जाऊन पाहिले. प्लास्टिकच्या गिट्ट्या स्क्रूसकट बाहेर आल्या होत्या आणि त्यांना गिलाव्याची ढेकळे चिकटलेली होती. स्क्रू दीड इंची, म्हणजे ३८ मिलिमीटरचे. त्यातले १८ बोर्डाच्या जाडीत गेले, १५ ते २० गिलाव्यात. विटेच्या वाट्याला राहिले काय? एमडीएफचा हा बोर्ड रिकामाच ३५ ते ४० किलो भरतो, अवजारे वेगळी!

तयार संचासोबत येणाऱ्या परदेशी चित्रांनीही फसगत होते. अमेरिकेत घराच्या भिंतीत लाकडी खांब असतात, बहुधा १६ इंचांवर एक. तिकडचा माणूस खांब शोधतो आणि त्यात स्क्रू पिळतो. आपल्याकडे वीट आहे, तेव्हा पकड विटेतच घ्यावी लागते.

पुन्हा काम करायला वस्तादांनी मोहल्ल्यातल्या एका जुन्या सुतार चाचांना बोलावले. चाचांनी आधी भिंतीवर प्लास्टिकचा तुकडा चारही बाजूंनी टेप लावून चिकटवला आणि दोन दिवस थांबायला सांगितले. आतून पाणी धरले तर भिंत ओली. ओल्या भिंतीवर एमडीएफ फुगतो, मग कितीही चांगला स्क्रू असो. भिंत कोरडी निघाली. तरीही चाचांनी बोर्डाच्या पाठीला व कापलेल्या कडांना प्रायमर मारला आणि बोर्ड जमिनीपासून फूटभर वर घेतला.

वाळवीचे औषध लावलेल्या एक इंची जाडीच्या सात उभ्या पट्ट्या १६-१६ इंचांवर घेतल्या. पाणसळ लावून रेघ मारली. स्विचबोर्डाच्या सरळ वर-खाली भोक पाडायचे नाही, तिथे वायरीची नळी असते. ड्रिलच्या पात्याला पावणेतीन इंचांवर टेप गुंडाळला, म्हणजे खोली चुकत नाही. प्रत्येक भोकातली भुकटी फुंकून काढली (हे बहुतेक जण करत नाहीत) आणि गिट्टी गिलावा ओलांडून विटेत बसेपर्यंत आत ठोकली. स्क्रू साडेतीन इंची, एका पट्टीला चार. मग बोर्ड पट्ट्यांवर कसला. खाचांत अॅल्युमिनियमची पट्टी सरकवली, कारण नुसत्या एमडीएफची कड जड आकड्याने तुटते. पोकळ किंवा हलक्या सिमेंट ब्लॉकची भिंत असेल तर ही गिट्टी चालत नाही. त्यासाठी वेगळी लांब गिट्टी मिळते, ती मागून घ्यावी.

पहिल्या मिस्त्रीला आम्ही विचारले तेव्हा तो म्हणाला, “साहेब, वस्तादांनी भाव पाडला, मी स्क्रू पाडला.” वस्तादांनीही ते नाकारले नाही. आम्हाला दोघांचेही पटत नाही. मिस्त्रीने स्क्रूची लांबी आणि संख्या कोटेशनमध्येच लिहावी. मग घासाघीस मजुरीवर होईल, पकडीवर होणार नाही.

जड अवजारे आता भिंतीला लगटून टांगली आहेत. पुढे आलेल्या फळीवर ठेवलेले वजन वरचे स्क्रू ओढून काढते, म्हणून फळीवर फक्त कापूस आणि तेलाचा डबा. प्रत्येक पान्ह्यामागे वस्तादांनी त्याची आकृती रंगवली आहे. संध्याकाळी शटर ओढताना एक नजर टाकली की १४-१५ चा पान्हा पोराच्या खिशात राहिला आहे, ते लगेच कळते.