राहुरीच्या मेळाव्याला निघालाय? मंडपाबाहेरचं विद्यापीठ बघून या

आटपाडीहून राहुरीला शेतकरी मेळाव्याला जायचं म्हणजे अख्खा दिवस आणि गाडीभाडं. तिथे जाऊन मंडपात भाषणं ऐकायची, स्टॉलवरची पत्रकं पिशवीत कोंबायची, जेवायचं आणि परत फिरायचं असेल, तर घरी बसून व्हिडिओ बघितलेला बरा. (व्हिडिओवालाच सांगतोय!)

महात्मा फुले कृषी विद्यापीठ 1968 मध्ये स्थापन झालं. पश्चिम महाराष्ट्रातल्या 10 जिल्ह्यांसाठी ते आहे आणि आपला सांगली जिल्हा त्यात येतो. म्हणजे तिथे बिचकत जायचं कारण नाही. फक्त आवार अवाढव्य आहे, पायी फिरून उरकत नाही. म्हणून निघायच्या आधीच ठरवा, मला पुढे विकायचं काय आहे?

डाळिंबाची रोपवाटिका डोक्यात असेल तर कोरडवाहू फळांच्या संशोधन प्रकल्पाचा पत्ता विचारा. 'मृदुला', 'भगवा', 'फुले भगवा सुपर' ही वाणं याच विद्यापीठाची. पण नुसती नावं पाठ करून धंदा होत नाही. तेल्या आणि मर यांनी बागा कशा बसतात, हे आटपाडीकरांना वेगळं सांगायला नको. गुटी ज्या झाडावर बांधली ते झाडच रोगट असेल, तर रोपाबरोबर रोगही गिऱ्हाइकाच्या रानात जातो. त्याला पहिलं पीक दिसायला दोनेक वर्षं लागतात. तोवर त्याचे पैसे गेलेले असतात आणि तुमचं नावही.

म्हणून विचारा: मातृवृक्ष कसे निवडता? गुटी कधी बांधता? पिशवीतली माती निर्जंतुक कशी करता? रोप किती महिन्यांचं झाल्यावर विकता? शक्य असेल तर हे काम प्रत्यक्ष चाललेलं बघा, वहीत लिहा.

दुधाचा विचार असेल तर होल्स्टीन, जर्सी आणि गीर यांच्या संकरातून तयार केलेली 'फुले त्रिवेणी' बघा. चाऱ्याचा खर्च विचारल्याशिवाय गोठ्यातून हलू नका. सोयाबीन बियाण्यासाठी मात्र राहुरी कशाला? 'फुले संगम' ही जात सांगलीजवळच्या कसबे डिग्रज केंद्रातली. केडीएस 726 मधलं 'केडी' तिथलंच!

मेळाव्याच्या दिवशी शास्त्रज्ञ पाहुण्यांमागे धावत असतात. आदल्या दिवशी पोहोचा किंवा एक मुक्काम वाढवा, पण कामाचा वार बघून. आणि सोलापूरजवळ केगावला राष्ट्रीय डाळिंब संशोधन केंद्र आहे, आटपाडीपासून राहुरीपेक्षा जवळ. तिथेही तीच वही न्या, तेच प्रश्न विचारा आणि दोन्हीकडची उत्तरं शेजारी-शेजारी लिहा.