आधी हवा, मग रॅम!

मित्रांनो, ऑक्टोबर २०२५ मध्ये विंडोज १० चा सपोर्ट संपला आणि हॉस्टेलमध्ये एकच वाक्य ऐकू यायला लागलं, "लॅपटॉप स्लो झालाय यार, नवीनच घ्यावा लागणार." आपल्यापैकी बऱ्याच जणांच्या घरी नवीन लॅपटॉप म्हणजे कापसाचे नाहीतर सोयाबीनचे पैसे. ते मागायच्या आधी जुन्याच मशीनमध्ये काय करता येतं, ते सांगण्यासाठी हा लेख. माझं शिक्षण कॉन्व्हेंटचं, त्यामुळे शुद्धलेखन सांभाळून घ्या!

माझं गाव पिंगळी. परभणीहून रेल्वेने पूर्णेकडे निघालं की लागतं. मे महिन्यात इथे पारा सहज ४२-४३ वर जातो, पत्र्याच्या खोलीत तर विचारूच नका. बाबांनी घेऊन दिलेला माझा सेकंडहँड लॅपटॉप मी तिथेच उघडला. ४ जीबी रॅम आणि जुनी हार्ड डिस्क. माझ्यानंतर तो धाकट्या बहिणीला वापरायचाय, म्हणजे अजून तीन-चार वर्षं टिकायलाच हवा.

आता गरमीचं गणित बघा. पंखा लॅपटॉपला खोलीपेक्षा थंड करू शकत नाही, तो फक्त आतली उष्णता खोलीत टाकतो. समजा खोली २५ अंशावर असताना प्रोसेसर ८० अंशावर चालतो, म्हणजे फरक ५५ चा. तेच काम ४३ अंशाच्या खोलीत केलं तर फरक साधारण तेवढाच राहतो आणि प्रोसेसर जातो ९८ वर. बहुतेक लॅपटॉप प्रोसेसरची मर्यादा १०० च्या आसपास असते. तिथे पोचला की तो स्वतःच वेग कमी करतो. मग रॅम कितीही टाका, मशीन रडणारच. म्हणून आपल्याकडे पहिलं काम सफाईचं.

मागचं झाकण काढलं तर पंखा आणि तांब्याच्या जाळीच्या मध्ये धूळ आणि कापसाच्या तंतूंची गादीच जमली होती! आमच्याकडे भाव येईपर्यंत कापूस घरातच पडून असतो, त्याचा हा प्रसाद. ब्रशने साफ करा, पण हवा मारताना पंखा बोटाने धरून ठेवा, नाहीतर तो भन्नाट फिरून बेअरिंग खराब होतं. प्रोसेसरवरची वाळलेली पेस्ट पुसून नवीन लावा. मटारच्या दाण्याहून जास्त नको.

आता रॅम. रॅम म्हणजे स्वयंपाकाचा ओटा आणि डिस्क म्हणजे कोठीची खोली. ओटा छोटा असला की दर वेळी कोठीत पळावं लागतं. हार्ड डिस्कला एक वस्तू शोधायला साधारण १० मिलिसेकंद लागतात, एसएसडीला ०.१ च्या आसपास. म्हणून दोन्ही बदलले की फरक लगेच जाणवतो. विकत घ्यायच्या आधी डीडीआर ३, ४ की ५ ते बघा, कारण खाच वेगळी असते आणि एकाची पट्टी दुसऱ्यात बसतच नाही. काही पातळ लॅपटॉपमध्ये रॅम बोर्डावरच सोल्डर केलेली असते, तिथे नाद सोडा. स्लॉट दोन असतील तर एका मोठ्या पट्टीपेक्षा सारख्या दोन पट्ट्या बऱ्या, दोन्ही चॅनल कामाला लागतात.

एसएसडीत दोन प्रकार. साटा एसएसडी सेकंदाला साधारण ५५० एमबीपर्यंत जाते, एनव्हीएमई ३००० च्याही पुढे. पण जास्त वेगाबरोबर गरमीही जास्त. बऱ्याच एसएसडी ७० अंशांपर्यंतच चालवायच्या असतात, त्याच्या आसपास त्याही वेग कमी करतात. अडीच इंची डिस्कचा जुना लॅपटॉप असेल तर साटा एसएसडी अगदी पुरेशी आहे. एनव्हीएमई बसवलीत तर वर पातळ थर्मल पॅड लावा, झाकण नीट बसतंय ना ते बघून.

उघडण्याआधी तीन गोष्टी विसरू नका: डेटाचा बॅकअप, बॅटरीची पिन काढणं आणि हात लोखंडी वस्तूला लावून अंगातली स्टॅटिक वीज घालवणं.

विंडोज ११ ला नुसती रॅम पुरत नाही, टीपीएम २.० आणि यादीतला प्रोसेसर लागतो. तो नसेल तर लिनक्स टाका, प्रोग्रामिंगच्या प्रॅक्टिकलला काहीच अडत नाही.

उन्हाळ्यासाठी आणखी एक युक्ती. विंडोजच्या पॉवर सेटिंगमध्ये प्रोसेसरची कमाल मर्यादा ९९ टक्के केली की बऱ्याच मशीनमध्ये टर्बो बंद होतो. वेग थोडा कमी होतो, पण गरमी बरीच उतरते. आणि गादीवर लॅपटॉप ठेवून पिक्चर बघणाऱ्यांनो, खालची जाळी तुम्हीच बंद करताय! मागच्या बाजूला दोन वह्या ठेवा, हवेला वाट मिळेल. मराठवाड्याच्या कोरड्या उन्हाळ्यात कूलरने खोली छान थंड होते, फक्त लॅपटॉप तुषारांपासून लांब ठेवा.

तेव्हा मंडळी, घरी फोन लावण्याआधी एकदा झाकण उघडून बघा. स्क्रू-ड्रायव्हर माझ्याकडे आहे, चहा तुमच्याकडून!